रेडिओची ताई आणि कलम सात

तिला सगळे ताई म्हणतात. मी वयाने तिच्याहून चांगलीच मोठी, डोक्यावर एक काळा केस शिल्लक नाही, तरी मीसुद्धा ताईच म्हणते. आम्ही दोघी सभागृहात दुभाषी आहोत. टीव्हीवर सभागृहाचं कामकाज चालू असताना खाली कोपऱ्यात एक लहानशी चौकट दिसते ना, तिच्यात काळा सदरा घालून हातवारे करणारी बाई, ती एक तर ताई असते नाही तर मी. चॅनल बदलता बदलता लोक आम्हाला बघून हसतात, ते मला माहीत आहे. हसोत बापडे. ज्यांना ऐकू येत नाही ते आमच्याशिवाय कोणाकडे बघतही नाहीत, आणि मंत्र्यांचं तोंड न पाहिल्यामुळे त्यांचं काही बिघडलंय असं मला अजून दिसलेलं नाही.

या कामाचा एक नियम बाहेरच्यांना विचित्र वाटतो. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘मंत्र्यांना खेद होतो’ असं नाही, ‘मला खेद होतो’. चेहराही त्याचाच घ्यायचा. तो चिडला की आपल्या कपाळाला आठ्या, तो गोड बोलला की आपण गोड. खुणांच्या भाषेत निम्मं बोलणं चेहऱ्यावर असतं. कोरा चेहरा ठेवून नुसते हात हलवले तर समोरच्याला निम्मंच पोचतं. एकदा एका सदस्याचं लांबलचक रडगाणं मी इमानेइतबारे रडले आणि घरी जाऊन डोकं बांधून झोपले. ताईला हे कधी जड गेलं नाही. ती अगदी लहानपणापासून दुसऱ्याचं ‘मी’ बोलत आलेली.

तिचा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा. आईबाप दिवसभर कामावर, त्यामुळे त्याचा आवाज म्हणजे ताई. शाळेत एकदा हेडमास्तरांनी विचारलं, हा नेहमी मागच्या बाकावर का बसतो? भावाने हाताने सांगितलं आणि ताईने शब्दन् शब्द बोलून दाखवला: “तुमच्या तोंडाला वास येतो म्हणून.” छडी ताईला बसली. घरी येताना भाऊ म्हणाला, बोललो मी आणि मार तुला, हे बरं आहे. ताई अजूनही हे सांगताना हसते. वर म्हणते, “पण वास यायचा, हे खरं होतं.”

मोठेपणी तो एका कपड्याच्या कारखान्यात कटर झाला. कापडाचे थर एकावर एक रचून, वर खडूने आखून कापायचे. बोट जरा हललं तर अख्ख्या थराचा सत्यानाश. त्याचं बोट हलत नसे. कारखान्यात त्याचं नाव पडलं रेडिओ, कारण तो अखंड बोलायचा. कात्री खाली ठेवली की हात सुरू. शिवणाऱ्या बायकांना त्याने आपल्या खुणा शिकवल्या, मालकाची नक्कल केली, मालकाला त्याची स्वतःचीच नक्कल शिकवली. कर्णबधिरांच्या क्लबात तर तो बोलायला लागला की बाकीच्यांचे चहाचे कप तसेच राहायचे. त्या क्लबाने मला खुणेचं नाव दिलंय ‘कपडे पिळणारी’, माझे हात तसे चालतात म्हणून. हे नाव कोणी ठेवलं हे मला कोणी सांगत नाही, पण मला ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी जवळच्या चौकात मोर्चा होता. पोलीस रस्ते मोकळे करत होते. रेडिओ कारखान्याचं शटर ओढून कुलूप लावत होता, पाठ रस्त्याकडे. मागून कोणीतरी ओरडलं असेल, दोनदा तीनदा ओरडलं असेल. तो वळला तेव्हा पोलीस त्याच्या अंगावर आलेला होता. रेडिओने हात वर केला, बोटं कानाकडे नेली आणि पंजा हलवला: मला ऐकू येत नाही. त्या हातावर काठी बसली. आता समजावून सांगायचं तर त्याच्याकडे हातच. त्याने पुन्हा सांगितलं, पुन्हा काठी बसली. त्याला जितकं मारलं तितका तो बोलत गेला. समोरच्या दुकानदाराने धावत येऊन सांगेपर्यंत उजव्या हाताचा चुरा झाला होता.

हात जोडला. दोन बोटं मात्र कायमची ताठ राहिली. कात्री सुटली; त्याच कारखान्यात तो आता तयार कपड्यांच्या घड्या घालायला लागला. आणि बोलणं बोबडं झालं. आमच्यासारख्या ऐकणाऱ्यांना ते चटकन कळत नाही, पण क्लबातली माणसं थांबवून विचारायची, काय म्हणालास, पुन्हा सांग. रेडिओला पुन्हा सांगावं लागायचं. मला ते बघवत नसे. मी सरळ उठून बाहेर जायची.

ज्याने मारलं तो माणूस रेडिओला पाठ होता. बहिऱ्या माणसाची चेहऱ्यांची ओळख पक्की असते. त्या पोलिसाची डावी भुवई मधोमध तुटलेली होती, जुनी जखम. रेडिओने त्याला खुणेचं नाव दिलं: भुवईवर आडवं बोट. समोरच्या दुकानदाराने त्याच्या बिल्ल्याचा नंबरही पाहिला होता. तरी घोडं अडलं ते एका जागी. कामावर असताना पोलिसाने काही केलं तर त्याच्यावर खटला भरायला सरकारची परवानगी लागते. परवानगीचा अर्ज केला. ताई दर महिन्याला कचेरीत जायची आणि दर महिन्याला ‘विचाराधीन आहे’ ऐकून यायची.

रेडिओला काय हवं होतं, हे मी त्याच्याच तोंडून, म्हणजे हातून, ऐकलंय. शिक्षा होते का नाही याची त्याला फारशी पडलेली नव्हती. तो म्हणायचा, त्याला माझ्यासमोर बसवा. न्यायाधीश त्याला विचारू दे, हा माणूस हात वर करून काय सांगत होता? त्याने उत्तर द्यायचं. मग मी सांगेन. एवढंच.

आणि मग पोलीस सुधारणा विधेयक आलं. त्यातलं कलम सात असं होतं की यापुढे ती परवानगी लागणार नाही, माणूस सरळ कोर्टात जाईल. जुनी पडून राहिलेली प्रकरणंसुद्धा त्यात धरली होती. हे कलम आणणारे सदस्य धंद्याने वकील, म्हणून त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणायचे. भला माणूस. आमच्याशी बोलताना उभा राहून बोलणारा तेवढा एकच. ते घरी येऊन रेडिओला भेटले, त्याचा हात हातात घेऊन बघितला, सभेत त्याला शेजारी बसवलं. रेडिओने त्यांना खूण दिली ‘खरा’. क्लबात अशी खूण सहसा कोणाला मिळत नाही.

विधेयकावर मतदान होतं त्या दिवशी सकाळी वकीलसाहेब आमच्या खोलीत आले. सभागृहाच्या मागे आमची एक चिंचोळी खोली आहे: कॅमेरा, दिवा, निळा पडदा आणि दोन खुर्च्या. भाषणं आधी आमच्याकडे येतात, तयारीसाठी. एरवी शिपाई आणतो. त्या दिवशी ते स्वतः घेऊन आले.

ताईने वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “साहेब, हे मला समजलं नाही. ‘व्यापक सहमतीच्या भूमिकेतून कलम सातबाबतचा आग्रह मी तूर्त बाजूला ठेवतो.’ म्हणजे काढलं?”

“काढलं असं नाही.”

“मग राहिलं?”

“राहिलं असंही नाही.”

“साहेब, मला हाताने सांगायचंय. तोंडाने धूर सोडता येतो, हाताने नाही. कोणी काय केलं ते दाखवावंच लागतं.”

वकीलसाहेब माझ्या खुर्चीवर बसले. कपाळ चोळत राहिले. “पोलीस संघटनेने आमच्यातलेच सहा जण फोडले,” ते म्हणाले. “कलम सात ठेवलं तर विधेयक पडतं. सगळंच पडतं. काढलं तर विरोधी पक्षही मत देतोय. कॅमेरे मिळतील, पोलिसांना प्रशिक्षण मिळेल, आणि ज्यांना मारहाण झाली त्यांना सरकार भरपाई देईल. कोण्या एका पोलिसाचं नाव न घेता.”

“नाव न घेता,” ताई म्हणाली.

“माझ्याकडे मतं नाहीत ताई. असती तर मी तुम्हाला तोंड दाखवायला असा आलो नसतो.”

“मग काढलं म्हणून सांगू ना?”

“सांगा,” ते म्हणाले. “तुमच्या भावाला तुम्हीच समजवा. माझं धाडस होत नाही.”

मला इतका संताप आला होता की मी त्या माणसाला खुर्चीवरून उठवणार होते. पण उठवून करणार काय? खोटं तो बोलत नव्हता. त्याला बेइमान म्हणता आलं असतं तर आमचं काम किती सोपं झालं असतं. मतं मोजायची तर तिथे त्याची बाजू खरंच कमी भरत होती; अर्धं पदरात पाडून घ्या नाही तर सगळं घालवा, एवढेच दोन रस्ते होते.

तेवढ्यात ताईच्या फोनवर रेडिओचा व्हिडिओ आला. क्लबात सगळे टीव्हीसमोर जमले होते. त्याने ताठ बोटांनी विचारलं होतं, आज कसं दिसतंय? ताईने फोन उलटा ठेवला. आधी हातात आलेलं भाषण बाहेर सांगायचं नाही, हा आमचा दुसरा नियम.

“तो भाग मी घेते,” मी म्हटलं. “तू पाणी पी. पाळी बदलायची तर बदलू, कोण विचारतंय?”

“तो मला बघायला बसलाय,” ती म्हणाली. “त्या वेळी मी उठले तर त्याला वाटेल मी पळाले. आणि तुमच्या हातून त्याला ते कळायला नको.” मग माझा चेहरा बघून म्हणाली, “तुम्ही पिळता हो फार.”

अशा वेळीही ही बाई माझी थट्टा करू शकते, यातच तिचं सगळं आलं.

वकीलसाहेब छान बोलले. अनुभवी माणूस, आवाजात ओलावा होता, अधूनमधून समजूतदार हसू होतं. ताईने तो ओलावा घेतला, ते हसू घेतलं. “एका तरुणाने मला आपला हात दाखवला, मी तो विसरणार नाही,” असं ते म्हणाले, तेव्हा ताईनेही आपल्या भावाला सांगितलं की मी तुझा हात विसरणार नाही. आणि मग, तसंच समंजस हसत, दोन्ही हातांनी तिने कलम सात उचललं आणि बाहेर काढलं: मी काढतो. मी कॅमेऱ्यामागे उभी होते. मी तिच्या हातांकडे बघू शकत होते, चेहऱ्याकडे नाही. बाकं वाजली. विधेयक मोठ्या बहुमताने मंजूर झालं आणि सगळ्या पक्षांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. तेही आम्ही केलं. तो भाग माझा होता.

संध्याकाळी मी ताईबरोबर तिच्या घरी गेले. एकटीला सोडवेना. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या, खालून गरम वाफेचा वास येतो. रेडिओने चहा ठेवला होता. आम्हाला कप दिले, समोर बसला आणि ताईला म्हणाला, छान केलंस. एक शब्द सुटला नाही.

ताईने कप खाली ठेवला.

त्याने विचारलं, हसत होतं कोण? तो का तू?

“तो,” ताई म्हणाली.

मग ठीक, तो म्हणाला. पण त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलताना तिच्या हातांकडे बघायचा, तोंडाकडे नाही. त्याला कळत होतं, ताईलाही कळत होतं. डोक्याला पटलेलं डोळ्यांना पटत नाही, त्याला कोण काय करणार. ताई मला एकदा म्हणाली, “मी वाईट केलं असतं ना, हात जरा अडखळू दिला असता, तर त्याला बरं वाटलं असतं. पण मग त्याला नीट कळलं नसतं.” हे म्हणताना ती रडली. मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं, स्वतःचं.

भरपाई आली. घेताना मान्य करावं लागलं की प्रकरण मिटलं, कोणा व्यक्तीविरुद्ध तक्रार नाही. रेडिओ आधी नको म्हणाला. मग बोटांच्या व्यायामाचा दवाखाना परवडेना, तेव्हा हो म्हणाला. परवानगीचा अर्ज कचेरीने ‘निकाली’ म्हणून बंद केला. इतकी वर्षं जे भिजत पडलं होतं ते एका दुपारी संपलं. मनात आणलं की सरकारला किती झपाट्याने काम करता येतं, हे तेव्हा समजलं.

तडजोडीतलं प्रशिक्षणही सुरू झालं. वकीलसाहेबांनी शब्द टाकून एक गोष्ट मात्र करून घेतली: बहिऱ्या माणसाशी कसं वागावं हे बहिऱ्या माणसानेच शिकवायचं. क्लबाने रेडिओला पाठवलं. बोबडा असला तरी वर्ग रंगवावा तर त्यानेच. आवाज आम्ही दोघी.

प्रशिक्षण केंद्राचा व्यायामाचा हॉल होता. जमिनीवर खेळाच्या मैदानाच्या पिवळ्या रेघा, त्यांवर प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांवर ड्यूटी संपवून आलेले, पेंगुळलेले पोलीस. पहिल्या तुकडीत मजा आली. एक जाडजूड हवालदार रेडिओची नक्कल करायला गेला आणि रेडिओने त्याचीच अशी नक्कल केली की हॉल हसून लोळला. मला वाटलं, चला, निदान काहीतरी हाती लागलं.

दुसऱ्या तुकडीच्या वेळी ताईची पाळी होती. रेडिओने हात वर केला आणि तो तसाच राहिला. तो पहिल्या रांगेत बघत होता. मीही बघितलं. चाळिशीचा माणूस, टोपी मांडीवर, डावी भुवई मधोमध तुटलेली.

रेडिओने त्याला उभं राहायची खूण केली. तो उभा राहिला, काही खेळ असेल असं वाटून हसत.

रेडिओ बोलायला लागला आणि ताई बोलायला लागली. आवाज एकसारखा, ना चढा ना कापरा. “तुम्ही माझा हात मोडला. मोर्चाच्या दिवशी. मी शटर लावत होतो. मी हात वर करून तुम्हाला काहीतरी सांगत होतो आणि तुम्ही त्या हातावर मारलं. मी पुन्हा सांगितलं, तुम्ही पुन्हा मारलं.”

दाराशी उभे असलेले अधिकारी पुढे आले. “मॅडम, हे आपल्या विषयात नाही.”

“मी बोलत नाही, साहेब,” ताई म्हणाली. “ते बोलतायत.”

तुटक्या भुवईवाल्याचं हसू गेलं होतं. त्याने रेडिओकडे नीट बघितलं. “कुठे?” त्याने विचारलं. रेडिओने रस्ता सांगितला, चौक सांगितला, कारखाना सांगितला. तो माणूस आठवत राहिला. खरोखर आठवत राहिला, कपाळाला आठ्या घालून, हरवलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवावं तसा. “त्या दिवसांत रोज कुठे ना कुठे बंदोबस्त असायचा,” तो म्हणाला. “मला आठवत नाही. खोटं नाही सांगत. झालं असेल.”

ताई भावाकडे वळली. कपाळाला त्याच आठ्या, तोच प्रामाणिक, गोंधळलेला चेहरा. मला आठवत नाही, तिने सांगितलं. खोटं नाही सांगत. झालं असेल.

रेडिओने तिच्याकडे बघितलं. पुष्कळ दिवसांनी सरळ तोंडाकडे. मग त्या माणसाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. चेहऱ्यावरचं खोटं त्याच्यापासून कोणाला कधी लपवता आलेलं नाही. तो शोधत होता, आणि त्याला सापडत नव्हतं. कोर्ट असतं तर त्या माणसाला आठवावं लागलं असतं. कोणीतरी त्याच्यासमोर नंबर ठेवला असता, दुकानदाराला उभं केलं असतं, पुन्हा पुन्हा विचारलं असतं. इथे विचारणं हे कोणाचंच काम नव्हतं. अधिकाऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“पण त्या वेळी तुम्ही सांगत काय होतात?” भुवईवाल्याने विचारलं. चांगल्या मनाने विचारलं, तेच मला सहन होईना.

रेडिओने हात वर केला, ताठ बोटं कानाकडे नेली, पंजा हलवला. ताई म्हणाली, “मला ऐकू येत नाही.”

“म्हणजे असं?” त्याने केलं. त्याची बोटं धड होती, सगळी वाकत होती. रेडिओला आता कधीच जमणार नाही इतकी ती खूण स्वच्छ उमटली. मागच्या रांगांमधले पोलीसही हात वर करून करायला लागले.

रेडिओ क्षणभर उभा राहिला. मग तो पुढे झाला, आणि शिकवायला आलेला माणूस करतो तसं त्याने त्या पोलिसाचं कोपर धरून थोडं वर उचललं.

“असं,” ताई म्हणाली. “आता बरोबर.”